कवळीची ‘बाईट’ आणि जबड्यांचं माप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कवळी लावणारे, त्यांच्या घरचे आणि दंतवैद्यकाचे विद्यार्थी अशा तिघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विषय संपूर्ण कवळीचा आहे, म्हणजे वरचे-खालचे सगळे दात गेलेल्यांचा. नवव्या प्रश्नापासून पुढचा मजकूर थोडा तांत्रिक होतो; रुग्णांनी वाचला तर काही बिघडत नाही, उलट खुर्चीत बसल्यावर डॉक्टर काय सांगतात ते कळेल.

१. हिरड्यांचं माप तर आधीच दिलं. मग ‘बाईट’ म्हणून पुन्हा वेगळी खेप कशाला?

आधी घेतला तो प्रत्येक हिरडीचा आकार. वरच्या हिरडीच्या संदर्भात खालची कुठे आहे, ही माहिती त्यात नसते. दात असताना हा प्रश्नच येत नाही. तोंड मिटलं की दात एकमेकांत बसतात आणि जबडा तिथे थांबतो. दात गेले की तो थांबाही गेला. मग खालचा जबडा स्नायूंच्या आणि कानापुढच्या सांध्याच्या भरवशावर राहतो आणि आज इथे, उद्या तिथे मिटतो.

म्हणून तीन गोष्टी नोंदवाव्या लागतात, आणि यालाच ‘बाईट’ घेणं म्हणतात. सांध्याच्या संदर्भात वरचा जबडा कुठे आहे, दोन्ही जबड्यांत उभं अंतर किती हवं, आणि त्या अंतरावर खालचा जबडा मागे-पुढे व डावी-उजवीकडे कुठे असावा. क्रमही हाच. उंची पक्की न करता मागची-पुढची जागा नोंदवली आणि नंतर उंची बदलली, तर ती नोंद कामाची राहत नाही. कारण खालचा जबडा सरळ वर-खाली जात नाही. बिजागरीवरच्या दारासारखा कमानीत फिरतो.

२. त्या भेटीत नेमकं काय काय करतात?

हिरडीवर बसणारा ॲक्रिलिकचा पातळ तळ आणि त्यावर मेणाचा पट्टा असा जोड लॅबमधून येतो. त्याला बाईट ब्लॉक किंवा वॅक्स रिम म्हणतात. ओठामागच्या खोबणीपासून मोजला तर पुढच्या भागात वरचा पट्टा साधारण २२ मिमी आणि खालचा १८ मिमी उंच असतो. हे आकडे सुरुवात करण्यापुरते. आधी वरचा पट्टा चेहऱ्याला शोभेल असा कापतात, मग खालचा कापून उंची ठरवतात, मग जबडा योग्य जागी मिटवून दोन्ही पट्टे त्या स्थितीत जोडतात. शेवटी मेणावर चेहऱ्याची मधली रेषा, सुळ्यांच्या रेषा आणि हसताना वरचा ओठ जिथवर जातो ती रेषा ओढतात. दातांची निवड आणि मांडणी याच रेषांवरून होते.

या सगळ्याआधी एक गोष्ट पाहायची असते: तळ हिरडीवर घट्ट बसतो का? तळ डुगडुगत असेल तर पुढे कितीही काळजी घेतली तरी चुकीचंच माप नोंदवलं जातं. लाखेच्या पत्र्याचा, म्हणजे शेलॅकचा, तळ तोंडाच्या उबेने आणि गरम मेणाने वाकतो, म्हणून तो टाळलेला बरा.

३. वरचा पट्टा किती लांब आणि किती पुढे, हे कशावरून ठरवतात?

ओठ सैल असताना त्याच्या खाली मेण १ ते २ मिमी दिसावं, ही नेहमीची सुरुवात. वय वाढतं तसा वरचा ओठ सैलावून खाली येतो, त्यामुळे सत्तरीच्या माणसाला याहून कमी दिसलेलंच नैसर्गिक वाटतं. समोरून पाहताना पट्ट्याची पुढची कड दोन्ही बाहुल्यांना जोडणाऱ्या रेषेला समांतर हवी. बाजूने पाहताना मागचा भाग नाकपुडीच्या कडेपासून कानापुढच्या उंचवट्यापर्यंत जाणाऱ्या रेषेला समांतर हवा. हे पाहायला फॉक्स प्लेन नावाची पट्टी वापरतात.

पुढे-मागे किती, यासाठी टाळूच्या पुढच्या टोकाचा मांसल उंचवटा उपयोगी पडतो. मूळच्या पटाशीच्या दातांचा दर्शनी पृष्ठभाग साधारणपणे त्याच्या ८ ते १० मिमी पुढे असतो. दात काढल्यावर वरचं हाड बाहेरून आत झिजतं, म्हणून हिरडीच्या बरोबर वर दात लावले की ओठ आत बसतो आणि माणूस आहे त्याहून म्हातारा दिसतो.

उच्चाराची खूण इथेही चालते. ‘व’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या ओल्या-कोरड्या सीमेवर हलकेच टेकते. ‘फ’ घ्यायचा तर जपून. ‘फूल’, ‘फळ’ हे शब्द बरेच जण दोन्ही ओठ मिटून उच्चारतात, त्यातून दातांच्या कडेबद्दल काहीच कळत नाही. त्यापेक्षा ‘फोन’ किंवा ‘कॉफी’ म्हणायला लावावं.

४. दातच उरले नाहीत, तर मूळची उंची किती होती हे कळतं कसं?

नेमकं कळत नाही, अंदाज बांधावा लागतो. पण तो हवेतला नसतो.

ताठ बसून, ओठ हलके मिटून, काहीही न चावता राहिलं तर जबडा एका विश्रांतीच्या स्थितीत येतो. त्या वेळी दात असलेल्या माणसाचे वरखालचे दात टेकलेले नसतात. दाढांच्या पुढच्या भागात २ ते ४ मिमी फट असते. या फटीला फ्री-वे स्पेस म्हणतात. निस्वाँगरने १९३४ मध्ये हीच गोष्ट मोजमापासाठी वापरली. नाकाच्या टोकावर एक आणि हनुवटीवर एक ठिपका द्यायचा, विश्रांतीतलं अंतर मोजायचं आणि पट्टे टेकल्यावरचं अंतर त्याहून सुमारे ३ मिमी कमी येईल असे ते कापायचे.

जबडा विश्रांतीत यावा म्हणून डॉक्टर ‘म’ म्हणायला लावतात, ओठांवरून जीभ फिरवून आवंढा गिळायला सांगतात किंवा नुसत्या गप्पा मारतात. माझ्या मते शेवटचा उपाय सर्वांत चांगला. “जबडा सैल सोडा” असं सांगितलं की बहुतेकांचा जबडा आवळतो.

याशिवाय बाहुलीपासून ओठांच्या रेषेपर्यंतचं अंतर आणि नाकाच्या बुडापासून हनुवटीच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर सारखं असावं, हा विलिस यांचा आडाखा आहे. तो अनेकांना लागू पडत नाही, पण फार मोठी चूक असेल तर दाखवून देतो. दात असतानाचा बाजूने काढलेला फोटो आणि जुनी कवळी या दोन गोष्टी मात्र जरूर घेऊन यायच्या.

५. ठिपक्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी वेगळं येतं. कोणतं खरं मानायचं?

विद्यार्थ्यांचा लाडका प्रश्न. ठिपका हाडावर नसून कातडीवर असतो, आणि हनुवटीची कातडी ओठांबरोबर सरकते. ती आक्रसली, तिथे खळी पडली, की ते माप सोडून द्यायचं. डोकं मागे रेललं असेल तर तोंडातली फट वाढते, म्हणून खुर्ची सरळ आणि डोक्याला मागे टेकू नाही. तोंडात दोन्ही तळ असताना आणि नसताना मिळणारी मापंही वेगळी येतात.

आकडा पुन्हा पुन्हा घ्या. जवळजवळ येणारे ठेवा, भरकटलेले टाका, आणि जो उरेल त्यावर शिक्कामोर्तब करण्याआधी त्याला उच्चाराच्या कसोटीला लावा (प्रश्न ६). मग खुर्चीपासून दोन पावलं मागे सरून चेहरा पाहा. पट्टी आणि चेहरा यांचं पटत नसेल तर मी चेहऱ्याचं ऐकतो.

६. डॉक्टर साठापासून सत्तरपर्यंत मोजायला का लावतात?

एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट करत अडुसष्टपर्यंत जा. जवळपास प्रत्येक आकड्यात ‘स’ आणि ‘ष’ येतात. हे वर्ण म्हणताना वरखालचे दात एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात, पण टेकत नाहीत. मध्ये १ ते २ मिमी फट राहते. सिल्व्हरमन यांनी १९५० च्या दशकात ही फट उंची तपासायला वापरली. मोजताना मेण मेणावर आपटलं तर उंची जास्त झाली. भरपूर मोकळी जागा दिसली तर बहुधा कमी पडली.

ही फट आणि प्रश्न ४ मधली विश्रांतीची फट एक नव्हेत. ती स्थिर जबड्याची, ही बोलत्या जबड्याची. परीक्षेत दोन्हींची गल्लत हमखास होते.

७. उंची थोडी वाढवून घेतली तर सुरकुत्या जातील ना?

दोन-चार आठवडे आरशात बरं वाटेल. पण विश्रांतीची फट भरून गेली की चावणाऱ्या स्नायूंना सैल पडायला जागाच राहत नाही. दिवसभर हिरडीवर दाब, संध्याकाळी गालफडं दुखणं, बोलताना दातांचा खटखट आवाज, ओठ मिटायला कष्ट, तोंड भरल्यासारखं वाटणं, आणि सततच्या दाबाने खालचं हाड लवकर झिजणं, अशी ही यादी आहे. ओठांभोवतीच्या सुरकुत्यांवर खरा उपाय पुढच्या दातांना योग्य जागी, योग्य आधार देऊन लावणं हा आहे (प्रश्न ३). नाकाशेजारच्या खोल घड्या वयाच्या असतात. त्या कवळीने जात नाहीत.

८. आणि कमी राहिली तर?

हनुवटी नाकाकडे येते, ओठांचे कोपरे दुमडून तिथे लाळ साचते आणि चिरा पडतात, गाल चावला जातो, चावण्याचा जोर कमी पडतो. त्रास आहेच. तरीही कसोट्यांचं एकमत होत नसेल आणि कुठल्या तरी बाजूला झुकणं भागच असेल, तर मी १ मिमी कमीकडे झुकतो. कमी उंची पुढच्या कवळीत वाढवता येते. जास्त उंचीने झिजलेलं हाड परत येत नाही.

९. सेंट्रिक रिलेशन म्हणजे नेमकं काय? पुस्तकागणिक व्याख्या वेगळी दिसते.

दात असोत-नसोत, सांध्याच्या आधाराने पुन्हा पुन्हा सापडणारी खालच्या जबड्याची जागा. कवळीच्या कामात तिचं महत्त्व याच ‘पुन्हा पुन्हा’मध्ये आहे. दुसरी कोणतीही जागा आज एक आणि पुढच्या भेटीत दुसरी येते.

व्याख्या खरंच बदलली आहे. जुन्या पुस्तकांत सांध्यातली जबड्याची गोळी (खालच्या जबड्याचं वरचं गोल टोक) खाचेत सर्वांत मागे असते असं लिहिलेलं असे. १९८७ च्या प्रोस्थोडॉन्टिक्स परिभाषाकोशापासून गोळी पुढे आणि वर, खाचेपुढच्या उंचवट्याच्या मागच्या उताराला टेकलेली, मध्ये सांध्यातल्या चकतीचा सर्वांत पातळ भाग, असं वर्णन आलं. खुर्चीशेजारी यामुळे फार फरक पडत नाही. फक्त जबडा जोराने मागे रेटणं चूक ठरलं.

१०. “मागे घ्या” म्हटलं की आई जबडा पुढेच आणते. काय करावं?

फार जणांचं असं होतं, आणि त्यात आईंचा दोष नाही. वर्षानुवर्षं पुढच्या हिरडीने चावायची सवय लागली की स्नायू तेच करतात. “मागे” हा शब्द न वापरता काम करून घ्यावं. जिभेचं टोक टाळूवर शक्य तितकं मागे टेकवून तोंड मिटायला सांगा. वरच्या तळाच्या मागच्या भागात मेणाची छोटी गोळी चिकटवली तर जिभेला शोधायला खूण मिळते. किंवा “वरचा जबडा पुढे काढा” असं सांगा. वरचा हलत नाहीच, खालचा मात्र मागे जातो. आवंढा गिळवणं, तोंड भराभर उघड-मीट करून स्नायू थकवणं, हेही चालतं. घरी आरशासमोर दोन दिवस सराव केलेला असेल तर भेट निम्म्याने सोपी होते.

डॉक्टरांनी हनुवटीला अंगठा लावून वाट दाखवावी, ढकलू नये. ढकललं तर खालचा तळ हिरडीवरून मागे सरकतो आणि आपण जबडा मागे गेला असं समजतो.

११. दोन्ही पट्टे जोडायला काय वापरावं?

वरच्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंना खाचा पाडायच्या, खालच्याच्या मागच्या भागातलं सुमारे २ मिमी मेण काढायचं आणि त्या जागेत नोंदीचा पदार्थ ठेवून हलकेच मिटवायचं. झिंक ऑक्साइड पेस्ट, प्लास्टर, सिलिकॉन, ॲल्युवॅक्स यांपैकी कोणताही चालतो. अट एकच, मिटताना त्याचा विरोध होऊ नये. एका बाजूला मऊ आणि दुसऱ्या बाजूला घट्ट राहिलेलं मेण तळ तिरका करतं, आणि ती चूक ट्रायललाच (मेणावर दात मांडून तोंडात बघण्याच्या भेटीत) उघड होते. मागच्या टोकांना वरचा तळ खालच्याला टेकत नाही ना, हेही पाहा. टेकत असेल तर पुढे मेण टेकण्याआधीच जबडा अडतो. हे बघायला लोक सर्रास विसरतात.

१२. गॉथिक आर्चमध्ये बाण टोकदार न येता गोल येतो. नोंद घ्यावी का?

नाही. ही पद्धत गीझीने १९१० च्या सुमारास रूढ केली. एका तळावर खिळा, दुसऱ्यावर पट्टी. जबडा पुढे, डावीकडे, उजवीकडे नेला की पट्टीवर बाणाचं टोक उमटतं आणि ते टोक म्हणजे सेंट्रिक. टोक गोल आलं तर जबडा पूर्ण मागे येत नाहीये किंवा तळ सरकतोय. दोन टोकं आली तर रुग्णाची जुनी सवय आणि खरी जागा यांची रस्सीखेच चालू आहे. थोडी विश्रांती द्या, सराव करून घ्या, पुन्हा काढा.

हिरडी लोंबती असेल, खालची हिरडी जवळपास सपाट झाली असेल, जीभ फार मोठी असेल किंवा दोन जबड्यांत जागाच कमी असेल, तर हा खटाटोप सोडून प्रश्न ११ मधली साधी पद्धत घ्या.

१३. फेसबो खरंच लागतो का?

फेसबो म्हणजे चेहऱ्याभोवती धरायची कमानीसारखी चौकट. तो प्रश्न १ मधली पहिली गोष्ट नोंदवतो, सांध्याच्या संदर्भात वरचा जबडा कुठे आहे ती. नेहमीचा फेसबो अंदाजे बिंदूवर बसतो. कानाच्या उंचवट्यापासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या रेषेवर सुमारे १३ मिमी पुढे. तो न वापरता सरासरी मापाचा आर्टिक्युलेटर (जबड्यांची हालचाल करून दाखवणारं लॅबमधलं यंत्र) घेतला, तर १९ व्या शतकात बॉनविलने मांडलेला १० सेमी बाजूंचा समभुज त्रिकोण सगळ्यांना लागू असल्याचं आपण गृहीत धरतो.

यावर व्यवसायात दोन तट आहेत. तुलनात्मक चाचण्यांत फेसबोविना केलेल्या कवळ्या वापरणाऱ्यांच्या समाधानात मागे पडलेल्या नाहीत. नोंद ठरलेल्या उंचीवरच घेतली असेल आणि दाढांना उंचवटे नसतील, तर मीही आग्रह धरत नाही. पण आर्टिक्युलेटरवर उंची बदलायची असेल किंवा उंचवट्याचे दात घेऊन बाजूच्या हालचालींत समतोल साधायचा असेल, तर फेसबो टाळून चालत नाही. प्रश्न १ मधली कमान इथे आडवी येते.

१४. प्रोट्रूसिव्ह नोंद घेताना ६ मिमी पुढेच का?

प्रोट्रूसिव्ह म्हणजे जबडा पुढे नेऊन घेतलेली नोंद. जबडा पुढे गेला की सांध्याची गोळी उतारावरून खाली येते आणि मागे पट्ट्यांमध्ये फट पडते. हीच ख्रिस्टेन्सेनची घटना. ६ मिमीहून खूप कमी पुढे गेलं तर उतार आर्टिक्युलेटरवर नेमका लावता येत नाही, फार पुढे गेलं तर नोंद नैसर्गिक हालचालीबाहेर जाते. बिनउंचवट्याच्या दाढा लावायच्या असतील तर ही नोंद बहुधा लागत नाही.

१५. जुनी कवळी वीस वर्षं छान चालली. त्याच मापावर नवी करा ना!

जुनी कवळी सोबत आणा, पण तिची उंची तशीच उचलता येत नाही. तिचे दात झिजले आहेत आणि खालचं हाडही. टालग्रेन यांच्या १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २५ वर्षं चाललेल्या पाहणीत खालच्या हिरडीची उंची वरच्याच्या सुमारे चौपट झिजलेली आढळली. हाड खाली गेलं की जबडा मिटताना जास्त वर आणि पुढे फिरतो. मग खालचा जबडा मुळातच पुढे असल्याचा भास होतो.

अशा वेळी पूर्ण उंची एकदम दिली तर नवी कवळी डबीतच राहते. फरक मोठा असेल तर जुन्याच कवळीच्या दाढांवर थर चढवून काही आठवडे वापरायला द्यावी, सवय झाली की त्या उंचीवर नवी करावी. हिरडी दुखरी असेल तर मापाआधी दिवसभर तरी जुनी कवळी काढून ठेवावी.

१६. खालचा जबडा जन्मापासून मागे आहे. काही वेगळं असतं का?

हो. अशा लोकांची विश्रांतीची फट बऱ्याचदा ४ मिमीहून मोठी असते, आणि चारचौघांत जबडा पुढे धरायची सवयही असते. पुढे आलेल्या जबड्यात ती फट बहुधा लहान असते. दोन्हीकडे प्रश्न ४ चा ३ मिमीचा नियम आंधळेपणाने लावू नये, आणि पुढचे दात “नीट जुळावेत” म्हणून सेंट्रिक पुढे ओढू नये.

१७. फक्त वरची कवळी आहे, खाली स्वतःचे दात. तरी बाईट लागते?

लागते. उंची आणि सेंट्रिक दोन्ही. खालचे फक्त पुढचे दात उरले असतील तर जास्त जपावं. ते वरच्या कवळीचा पुढचा भाग रेटत राहतात आणि तिथलं हाड झिजून हिरडी लोंबते. केली यांनी १९७२ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं. खाली मागच्या बाजूला पक्का आधार दिल्याशिवाय अशी कवळी टिकत नाही.

१८. वडिलांना कंपवात आहे, शिवाय चेहऱ्याची एक बाजू लुळी. माप घेता येईल?

येईल. कंपवाताचं औषध ज्या वेळी सर्वांत चांगलं लागू पडतं ती वेळ घ्या. पटकन घट्ट होणारं सिलिकॉन वापरा. गॉथिक आर्चमध्ये रेषा विखुरतील, त्यापेक्षा गिळताना मिळणारी जागा दोन-तीनदा पडताळा. दाढा सपाट घ्या, म्हणजे जबडा थोडा इकडे-तिकडे मिटला तरी दात अडणार नाहीत.

लुळ्या बाजूमुळे ओठांचा कोपरा आणि हसण्याची रेषा फसवतात. मधली रेषा आणि सुळ्यांची जागा टाळूच्या त्या मांसल उंचवट्यावरून (प्रश्न ३) ठरवावी.

१९. ट्रायलला दात जुळत होते. कवळी तयार होऊन आली आणि उंच लागते. असं का?

ॲक्रिलिक शिजताना आकुंचन पावतं आणि दात किंचित सरकतात. म्हणून कवळी प्लास्टरच्या मॉडेलवरून सोडवण्याआधी पुन्हा आर्टिक्युलेटरवर बसवून घासतात. काही लॅब हे टाळतात. मग कवळी तोंडात बसवल्यावर नवी सेंट्रिक नोंद घेऊन, कवळी परत आर्टिक्युलेटरवर लावून उंच भाग कमी करावा. तोंडातच कार्बन पेपरने घासत बसू नये. हिरडी मऊ असल्याने कवळी सरकते आणि खुणा चुकीच्या जागी उमटतात.

थोडी उंची आणि थोडा तिरपेपणा घासून निघतो. सेंट्रिकच चुकली असेल, म्हणजे पुढचे दात टेकताना दाढा अधांतरी राहत असतील, तर दाढा काढून पुन्हा मांडणं हाच मार्ग. म्हणून ट्रायलला आरशात दात पाहण्याइतकाच वेळ मिटून पाहायलाही द्या.

२०. आता तोंडाचं स्कॅन होतं. मग मेणाची ही कटकट कायम का?

स्कॅनर दिसेल तो पृष्ठभाग टिपतो. दात नसलेले दोन जबडे एकमेकांपासून किती दूर हवेत, हे कुठल्याच पृष्ठभागावर लिहिलेलं नसतं. संगणकावर होणाऱ्या कवळ्यांतही उंची आणि सेंट्रिक माणसानेच ठरवून द्यावी लागते. अनेक डिजिटल संचांत त्यासाठी खिळा-पट्टीचंच साधन असतं. पुढचं काम मात्र सुटसुटीत होतं. ट्रायलचा नमुना छापून तोंडात घालून बघता येतो, आणि नोंद फाइलमध्ये असल्याने कवळी हरवली तर पहिल्यापासून सगळं करावं लागत नाही. हाडाची झीज मात्र फाइलला कळत नाही. मधे काही वर्षं गेली असतील तर प्रश्न १५ पाहा.